मानेची तीन चित्रं आणि डोळ्यांचं एक

माझा उजवा हात दगा द्यायला लागला तेव्हा मी खुर्सीपारच्या माझ्या वर्कशॉपात ग्राइंडर धरून उभा होतो. ग्राइंडर हातातून सुटला. मान दुखत होती, पण तिची काळजी नव्हती. याच हातावर मी शून्यातून वर्कशॉप उभं केलं होतं.

पहिल्या डॉक्टरसाहेबांनी मानेचा एक्स-रे काढला, मणके रांगेत आहेत, वय झालं, असं सांगून गळ्यात पट्टा बांधला. चार महिने तो मी नवरदेवाच्या हारासारखा मिरवला. मग स्वतःची अक्कल चालवली. एमआरआयला अर्धा तास बोगद्यात पडायचं, सीटी पाच मिनिटांत होतो. म्हणून भांडून सीटी करून घेतला. हाडांवर वाढलेले काटे त्यात फ्रेम करावेत इतके सुंदर दिसले. नसेचं काही कळलं नाही. दुसरा डॉक्टर म्हणाला, नस कुठे दबली ते एमआरआयच सांगेल. मी म्हटलं, दोन चित्रं आहेत, त्यांतच भागवा. त्याला घासाघीस येत नव्हती.

एमआरआयच्या दारात तिथली टेक्निशियन, चरोद्याच्या एका रेल्वेवाल्याची मुलगी, माझा फॉर्म भरत होती.

"काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?"

"मान दुखते, डोळा नाही."

"आत मोठं चुंबक हाय. कण असन तं तो सरकन, डोळा जाईन. ग्राइंडिंग केलं का कधी?"

तीस वर्षं, मी म्हटलं. तिनं पेन खाली ठेवला आणि आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून या म्हणाली. मानेसाठी कुचकामी ठरलेलं मशीन डोळ्यांसाठी एकदम पूजनीय झालं होतं. माझा आवाज चढला तशी बायकोनं बाही ओढली.

"कावून भांडून राहिले? शर्टाचं बटन लावता येते का तुमाले?"

डोळे स्वच्छ निघाले. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दोन ठिकाणी चेपलेला दिसला. दुसरा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन केलं नाही तर पायही जाऊ शकतात. हाताची हमी देत नाही. मी पाच बोटं मागितली, तो एकही कबूल करेना. मी दिवाळीनंतरची तारीख मागितली, तो सोमवार म्हणाला. मी गुरुवारावर आलो. ऑपरेशन सोमवारीच झालं.

आता चालतो आहे. तीन बोटांना जाग आली. चार महिने आधी एमआरआय केला असता तर पाचही वाचली असती, हे मी दर भेटीत या दुसऱ्या डॉक्टरलाच ऐकवतो. पहिला भेटायला वेळ देत नाही.