ढेकणांनी अडवलेलं माहेर

स्वारगेटहून बारामतीची एसटी धरली तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचा एकच जोड होता. बाकी सगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, रबरी हातमोजे आणि फटी बुजवायची पुट्टी. कन्हेरीच्या मावशीकडे ढेकूण झाले होते. एरवी मी म्हटलं असतं, होतात, त्यात काय एवढं! पण तिच्या शीतलचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं आणि इंदापूरहून सासरचा निरोप आला होता, ढेकणांच्या घरात पोरगी धाडणार नाही.

बारामतीला वडाप (माणसं कोंबून भरली की सुटणारी जीप) मिळाली. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, पुढे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि वर मळकट आभाळ. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुणाकडं गं?" मी मावशीचं नाव सांगितलं. जीपमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती, तरी त्या अंग चोरून माझ्यापासून लांब सरकल्या. मला असा राग आला!

मावशी अंगणातच उभी होती. जवळ आली नाही. "हितंच बस. आत न्हाय यायचं," म्हणाली आणि चहा बाहेरच आणला. मी कसली ऐकतेय! आत पाऊल टाकलं आणि उग्र वासानं डोळे चुरचुरले.

"हा कसला वास गं?"

मावशीनं पदर नाकाला लावला. तिचे यजमान, तात्या, ओट्यावरून म्हणाले, "उसावर मारतो त्ये औषध. पंप पाठीवर घेतला अन् समदं घर फवारलं. गाद्या, पलंग, भिंती. म्हटलं, उसातली हुमणी (मुळं खाणारी अळी) मरती, तितं ढेकूण काय चीज हाय!"

"मग मेले का?"

"पांगले. आता सैपाकघरात बी हायती."

मी कपाळाला हात लावला. तात्यांच्या पुतण्याच्या लग्नात भाड्याच्या गाद्या आणल्या, त्यांतून हे पाहुणे आले. ते बसतात फटीत, आणि तात्यांनी शेतातलं जहर गादीत मुरवलं. "अहो तात्या, त्या गादीवर पोटुशी पोर झोपणार होती!" तात्यांनी मान खाली घातली.

दारं-खिडक्या सताड उघडल्या. त्या गाद्या पिशव्यांत बांधून बाहेर काढल्या. पलंग खोलला तर प्रत्येक जोडात काळे ठिपके आणि पांढरी अंडी. शी! जोडांवर उकळतं पाणी ओतलं, धुणं उकळलं, भिंतीच्या फटी बुजवल्या. मावशीनं अंगणातच पिठलं-भाकरी वाढली. पिठलं झकास होतं.

"आता आणू का पोरीला?" मावशीनं विचारलं.

"नको गं. अंडी राहतात, हे सगळं पुन्हा पुन्हा करावं लागेल. आणि वास गेला तरी औषध जात नाही."

दुसऱ्या दिवशी उकळून वाळवलेले कपडे घालून इंदापूर गाठलं, भांडायच्या तयारीनंच. शीतलच्या सासूबाईंनी पोहे पुढे केले आणि म्हणाल्या, "ताई, पोर हितंच राहू द्या. पण विहीणबाईंना म्हणावं, तुमीच या. बाळंतपण होईस्तोवर राहा. म्या खोली बी मोकळी केलीया." मी भांडण विसरून पोह्यांची बशी हातात घेतली. शीतलनं लगेच आईला फोन लावला.

"न्हाय गं बया," मावशीचा आवाज आला. "माझ्या लुगड्यातनं एखादा तितं गेला तर? त्यांचं घर तरी ऱ्हाऊ दे."

"आई, इथं येऊन अंघोळ कर, नवं लुगडं नेस. ये ना!"

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग फोन बंद झाला. शीतल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

परतीच्या एसटीत मला तात्यांचा राग येत होता, जीपमधल्या आजींचा येत होता, मावशीचा तर सगळ्यात जास्त. ढेकूण चिकाटीनं हटतात. माणसाच्या मनात एकदा बसलेली लाज कुठल्या पाण्यानं उकळायची?

पुढे शीतलला मुलगी झाली. मावशीनं तिला अजून मोबाइलवरच पाहिलंय. परवा फोनवर म्हणाली, "आता घरात एक बी ढेकूण न्हाय."

"मग जा की इंदापूरला!"

"जाते," ती म्हणाली. "अजून जरा बघते अन् जाते."