बोरीपर्यंत आलेलं वादळ

द्राक्षांवर मारलेल्या गंधकाचा वास आला की मला आमच्या बोरी गावातला तो फेब्रुवारी आठवतो. पुण्यात शिकताना मी एक प्रोग्राम लिहिला होता. हवामानाच्या मॉडेलच्या आकड्यांमधून तो कमी दाबाची केंद्रं शोधायचा आणि भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळांची वाट आपोआप आखायचा. ही वादळं सहसा काश्मीरकडे जातात, पण त्या आठवड्यात एक वाट खूपच दक्षिणेला झुकलेली दिसली. मी घरी फोन केला, "चार दिवसांत गारा पडतील, बागेतली द्राक्षं तोडून घ्या." वडील हसले, "अगं, आभाळात ढगाचा ठिपका न्हाई!" आईने फोन हिसकावला. "पोरीनं दोन वर्सं डोळं फोडलं त्यावर. उद्याच तोडा लावू." माल तयारच होता. मीही गावी पोचले, सगळी भावकी बागेत उतरली. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं क्रेट शेडमध्ये आलं आणि तासाभरात पत्र्यावर ताडताड गारा वाजू लागल्या. वडील तशा गारांत अंगणात जाऊन ओरडले, "आमच्या पोरीनं वादळ धरलं, राव!" पुढे त्याच कामावर मला पदवी मिळाली, परदेशात टाळ्याही मिळाल्या, पण त्या दुपारी मान जेवढी ताठ झाली, तेवढी पुन्हा कधी झाली नाही.