आत्याचा पाण्यावरचा संसार

आमच्या आत्याला हळू बोलता येत नसे. शेजारी बसलेल्या माणसाशीही ती बांधावरून हाक मारल्यासारखी बोले. औंढ्याजवळच्या तिच्या गावात कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस व्याली, ही चौकशी ती ओट्यावर बसूनच करायची आणि उत्तरंही तिला तिथंच पोचायची. अशी ही बाई उतारवयात एका शिडाच्या नावेत राहायला गेली. तिथं बोलायला एकच माणूस, आणि तोही अबोल.

तो माणूस म्हणजे तिचे यजमान, आमचे मामा. मुंबईतल्या एका क्लबाच्या शिडाच्या होड्या सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गावी यायचे ते सणापुरते. आत्यानं सासू-सासऱ्यांचं केलं, शेत पाहिलं, मुलगा वाढवला आणि मामांच्या निवृत्तीची वाट पाहिली. मामा आले ते ट्रकवर एक नाव घालूनच. क्लबानं मोडीत काढलेली ती नाव त्यांनी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात सोडली, आतल्या खोपीत अंथरूण टाकलं आणि आत्याला म्हणाले, "चल."

"मला पवता न्हाई येत."

"मला येतं," मामा म्हणाले.

एवढ्यावर ती गेली. "इतकी वर्षं एकटीनं काढली. आता ते आलेत, तर परत काहून एकटी ऱ्हाऊ?" असं तिनं मला सांगितलं.

मामा तिथं सुखात होते. सकाळी वारा बघायचा, शीड चढवायचं, दुपारी एखाद्या खाडीसारख्या आडोशाला नांगर टाकून पडायचं. पाटबंधारे खात्याच्या साहेबानं आधी हटकलं, मग तोही कधीमधी चहाला येऊ लागला. "घाई कशाची?" हे मामांचं ठरलेलं वाक्य. त्यावर आत्या म्हणायची, "ह्यांना घाई न्हाई, पण माझं आयुष्य सरून राहिलं ना!" भाकरी थापताना तिची परात सरकायची. खोपीत ताठ उभं राहता यायचं नाही. काठावर शेळ्या घेऊन बाया आल्या, की ती नावेच्या टोकाशी उभी राहून त्यांच्याशी ओरडून बोलायची. वाऱ्यानं नाव लांब गेली, की बोलणं अर्धंच राहायचं. मी मुक्कामाला गेले होते, तेव्हा निघताना ती माझा हात सोडेना. "पोरी, चारी बाजूनी पाणी हाय," ती म्हणाली, "पण मला विहिरीत बसल्यावानी वाटतं."

एका दुपारी, धरणाच्या ऐन मध्यावर, मामांच्या हातातली दोरी सुटली. ते एका अंगावर कलंडले. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. आत्यानं तोवर सुकाणूला हातसुद्धा लावला नव्हता. तिनं मामांचं डोकं लुगड्याच्या घडीवर टेकवलं आणि सुकाणूचा दांडा धरला. मामा चांगल्या हाताचं बोट हलवून दिशा दाखवत होते आणि ती त्या बोटाकडं बघत नाव हाकत होती. काठ नजरेत आल्यावर तिनं तिथल्या मासे धरणाऱ्यांना अशा हाका मारल्या, की ते हातातली जाळी तशीच सोडून धावत आले. मामा वाचले. एक बाजू मात्र कायमची गेली.

मुलानं दोघांना वसमतला आपल्या घरी नेलं. पलंग, पंखा, औषधपाणी, काही कमी नव्हतं. पण मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. घास पुढं केला की ओठ मिटायचे. शेवटी एक दिवस आत्यानं मुलाला विचारलं, "नाव जाग्यावर हाय का रे?"

मुलगा चकित झाला. "आई, तिथं कोंडल्यासारखं होतं, असं तूच म्हणायचीस ना?"

"व्हय, होतं की! आताबी होईल. पण मला कोंडलेलं सोसतं. ह्यांना न्हाई सोसत."

ती त्यांना परत घेऊन गेली. मासे धरणाऱ्यांनीच मामांना उचलून नावेत ठेवलं. वाऱ्याची लहर बघून, मामांच्या बोटाच्या खुणेवर, आत्या आता स्वतः शीड चढवायची आणि मामा उशीला टेकून, मान वर करून शिडाकडं पाहत राहायचे. पहिल्याच आठवड्यात ते पोटभर जेवू लागले. आत्याची पाण्याची भीती मात्र गेली नाही. झोपताना ती एक हात नावेच्या कडेला घट्ट धरून ठेवायची. असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मामा नावेतच, झोपेत गेले.

सगळ्यांना वाटलं, आत्या आता नाव सोडायची नाही. मामांची आठवण म्हणून तिथंच राहील. काही जण तिचं मोठं कौतुकही करू लागले. आत्यानं दिवसकार्य उरकल्याबरोबर नाव मासे धरणाऱ्यांना देऊन टाकली आणि गावातल्या घराचं कुलूप काढलं.

पुढं मी भेटायला गेले, तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. मी जरा भीतभीतच विचारलं, "आत्या, नावेची आठवण येते का गं?"

तिनं सूप थांबवलं.

"ह्यांची येते. रोज येते," ती म्हणाली. "नावेची काहून येईल?"

आणि ती पुन्हा पाखडू लागली.