चंद्राक्कांचा उजवा खांदा

खांद्याला यंत्र लावू देण्याआधी चंद्राक्का ते माझ्या तळहातावर चालवायला लावत. "आदी सोताला लावा, म्याडम," म्हणत. आणि टकटक ठोके बसताना माझ्या हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघत.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकत. जन्मभर पीठ थापून उजव्या खांद्यातला स्नायूबंध फाटला. डॉक्टरांनी तो शिवला, पण तीन महिने झाले तरी दुखणं हटेना, म्हणून त्यांना शॉकवेव्ह या ठोक्यांच्या उपचारासाठी माझ्याकडे फिजिओथेरपीला पाठवलं. शिवण उसवली तर दुसऱ्यांदा टिकेलच असं डॉक्टर म्हणत नव्हते, आणि घर त्याच हातावर चालत होतं.

आक्का एकच प्रश्न मला विचारत, मग बाहेर केसपेपर लिहिणाऱ्या सुनंदाला, आणि उत्तरं जुळतात का ते बघत.

"शॉक म्हंता, मग करंट सोडता की काय आत?"

"वीज नाही आक्का, नुसते ठोके. त्यानं दुखणं जातं."

"नक्की?"

"नक्की."

"लई लवकर बोलला की."

तीन खेपा झाल्या, दुखणं उलट वाढलं. आता संशय माझ्या मनात शिरला. "खरं सांगा, भाकरी थापताय ना?"

"तुमी नको म्हनला तवापासनं परातीला हात न्हाय लावला. सुनेला इचारा."

मी खरंच फोन लावला. सून म्हणाली, "भाकरी मीच करते ओ म्याडम. आत्याबाई निस्ती चटणी कांडत्यात."

पुढच्या खेपेला मी जाब विचारला. आक्का शांत होत्या. "भाकरी नको म्हनला. चटनीचं कुटं बोलला? आनि कांडते डाव्यानं. उजव्यानं निस्तं मुसळ धरते."

माझ्या आईनं करमाळ्यात लोकांच्या मिरच्या कांडून मला शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मी. आणि दिवसभरात तुम्ही काय काय करता, एवढं विचारायचं मलाच सुचलं नव्हतं.

मुसळ सुनेच्या हाती गेलं. ठोके आणि व्यायाम चालू राहिले. दोन महिन्यांनी आक्कांनी माझ्यासमोर हात मागे नेऊन स्वतःचा अंबाडा घातला. सोनोग्राफीत शिवण शाबूत दिसली.

"ह्ये मशीननं झालं, का मुसळ सोडल्यानं?"

मशीननं म्हणावं, असं फार वाटलं.

"मला सांगता येत नाही, आक्का."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पदर सावरून उठल्या.

"उद्या धाकट्या जावंला आनते. तिचाबी खांदा धरलाय."