गाडीच्या खोडींची वही

सोमवारी वडिलांनी बस विकली. सकाळी ते गाडी घेऊन चंद्रपूरला गेले, कंपनीच्या कचेरीत कागदांवर सह्या केल्या आणि संध्याकाळी तीच गाडी चालवत घरी आले. आता गाडी कंपनीची होती आणि ते तिचे ड्रायव्हर होते.

वडील जाऊन चार महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं की माझं मन पुन्हा पुन्हा त्या सोमवारी जाऊन थांबतं. त्या दिवसाआधी आमची एक बस होती. त्या दिवसानंतर आमची काही माणसं झाली. हे कसं झालं ते मला नीट लिहून ठेवायचं आहे.

आमचं गाव राजुऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. वडिलांची बस कोळसा खाणीच्या कामगारांची होती. सकाळी सहाला गावातून निघायची, वाटेतल्या सात-आठ गावांचे कामगार घ्यायची, राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर करत भद्रावतीच्या रस्त्यावरच्या खाणीत पोचायची. संध्याकाळी त्याच वाटेनं परत. कंत्राट खाणीशी होतं, त्यामुळे बाहेरची माणसं घ्यायची नव्हती. पण जागा रिकामी असली की वडील वाटेवर उभ्या असलेल्याला सोडून पुढे जात नसत. पैसे घेत नसत. रिकामी सीट पाहून त्यांना, का कोण जाणे, अपराधी वाटायचं.

त्या रिकाम्या जागांपैकी एक माझी होती. सरकारी लाल गाडी आमच्या गावाहून दहाला निघायची आणि माझं कॉलेज आठला भरायचं. वडिलांच्या बसनं मी सव्वासातला चंद्रपुरात उतरायची, वाचनालय उघडेपर्यंत त्याच्या पायरीवर बसायची. बी.ए.ची दोन वर्षं मी अशी काढली. तिसरं वर्ष सुरू होतं.

तेव्हा नागपूरची एक कंपनी आमच्या जिल्ह्यातल्या गाड्या विकत घेत होती. आधी तिनं भद्रावतीच्या एका मालकाच्या दोन गाड्या घेतल्या, मग बल्लारपूरच्या तीन. त्यानंतर खाणीनं कळवलं की पुढच्या वर्षीपासून कंत्राट एकाच मोठ्या कंपनीला मिळेल. एका बसच्या मालकाला यातून जे समजायचं ते वडिलांना समजलं. त्यांनी तक्रार केली नाही. कंपनी ड्रायव्हर म्हणून ठेवणार होती, दवाखान्याचा खर्च देणार होती, टायर तिचे, गॅरेज तिचं. आईला तर हायसंच वाटलं.

विक्रीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, वडिलांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितली. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "बैल विकताना त्याची खोड सांगतो का नाई आपण? मंग गाडीची काऊन नाई सांगायची? लिही."

आमच्याकडे बाजारात बैल विकणारा प्रामाणिक माणूस घेणाऱ्याला खोड सांगून मोकळा होतो. हा डाव्या अंगाला ओढतो, हा पाण्यात पाय घालत नाही, हा बाईमाणसाच्याच हातून चारा खातो. न सांगता विकणं म्हणजे फसवणूक. वडिलांच्या हिशेबी गाडीलाही तेच लागू होतं. ते ओसरीत टेकून बसले आणि सांगत गेले, मी लिहीत गेले.

डावीकडची तिसरी खिडकी पूर्ण लागत नाही, पावसाळ्यात तिथं छत्रीवाला माणूस बसवावा. नदीच्या पुलावर पाणी चढलं तर अलीकडच्या तीरावर थांबावं, घाई करणाऱ्या कामगाराचं ऐकू नये. मोहफुलं पडायच्या दिवसांत सकाळी रस्त्याच्या कडेला बायका-पोरं वेचत असतात, तिथं हॉर्न न देता हळू जावं, दचकून पोरं रस्त्यात येतात. इथपर्यंत सगळं गाडीचं आणि रस्त्याचं होतं. मग ते माणसांवर आले. नाल्याजवळच्या मोहाखाली नर्सबाई उभ्या असतात, नसल्या तर दोन मिनिटं थांबावं, त्यांची लसीची पेटी ड्रायव्हरच्या मागे सावलीत ठेवावी. बाजाराच्या दिवशी राजुऱ्याला बांगडीवाल्या चाची चढतात, त्यांच्या टोपलीला कोणाचा पाय लागू देऊ नये. शेवटी ते म्हणाले, लिही, दाराजवळची सीट मालकाच्या पोरीची, पुस्तकात डोकं असते, उतरायचं ठिकाण आलं की सांगावं लागते.

मी ते माझ्याच अक्षरात, तिसऱ्याच कोणाबद्दल असावं तसं लिहिलं. वहीची बत्तीस पानं भरली. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा मला त्या दुपारी अभिमान वाटला होता.

सोमवारी गाडीच्या कागदांबरोबर ती वही कंपनीच्या सुपरवायझरच्या हातात गेली. सुपरवायझर नागपूरचे, तिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी ती वाचली आणि कागदांसोबत नागपूरला पाठवून दिली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हुकूम आला. या गाडीत बाहेरची माणसं बसतात असं मालकाच्याच लेखी निवेदनावरून दिसून आल्यामुळे यापुढे पासधारक कामगारांशिवाय कोणालाही घेऊ नये.

त्या दिवशी सुपरवायझर स्वतः गाडीत बसून आले. मी गेले नाही, वडिलांनीच नको म्हटलं. जे झालं ते मला नंतर कामगारांकडून कळलं. मोहाच्या झाडाजवळ गाडी सवयीनं हळू झाली. नर्सबाईंनी पेटी उचलली, दोन पावलं पुढे आल्या. आणि गाडी गेली. वडिलांनी आरशात पाहिलं नाही असं एकानं सांगितलं. पाहिलं असं दुसऱ्यानं सांगितलं.

संध्याकाळी वडील जेवताना एवढंच बोलले की खोड सांगतली, तं त्यानं बैल खुंट्यालेच बांधून टाकला. ती वही माझ्या अक्षरात होती. नर्सबाईंना आता चार कोस पायी जावं लागणार होतं, ते माझ्या अक्षरामुळे. माझं कॉलेज सुटणार होतं, तेही. चंद्रपुरात खोली करून राहणं आमच्या घरात कोणी सुचवलंही नाही, सुचवण्यासारखं नव्हतंच. परीक्षा पाच महिन्यांवर होती.

मी अकरा दिवस घरी बसले. वाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडे होतं, ते दोनदा वाचून झालं. घरात वाचण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा मी वडिलांच्या खाकी शर्टाच्या खिशातलं कंपनीचं नियमपत्रक वाचायला घेतलं. छापील, आठ पानी, मराठी जड. ड्रायव्हरनं बिडी ओढू नये, दाढी करून यावं, असं सगळं. सहाव्या पानावर एक कलम होतं: जागा उपलब्ध असल्यास प्रत्येक कामगाराच्या एका नातेवाइकास पासावर प्रवास करता येईल. मी ते तीनदा वाचलं. मग लक्षात आलं की याचा मला उपयोग नाही. माझे वडील खाणीचे कामगार नव्हते. ते फक्त गाडी चालवत होते.

तरी मी त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी राजुऱ्याला चहासाठी थांबली असताना त्यांनी ते कामगारांना ऐकवलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच झालं आहे. नर्सबाई ज्या गोंड मुलाच्या बायकोचं बाळंतपण करून गेल्या होत्या, तो म्हणाला, त्या माझी बहीण. मागच्या सीटवरचा आमच्या विहारातला एक ड्रिलवाला म्हणाला, बांगडीवाली चाची माझी आत्या. त्यावर एकानं त्याला चिडवलं, की ईदच्या शेवया खाऊन खाऊन नातं जमलं लेकाचं. असे एकेकाचे नातेवाईक वाटले गेले. माझी पाळी आली तेव्हा सिरोंच्याकडचे एक लोडर, खाणीत कोळसा भरणारे, चाळिशीचे, घरी तेलुगू बोलणारे, गाडीत सहसा झोपणारे, डोळे न उघडता म्हणाले की मालकाची पोर माझ्याकडे लिहा, मी तिचा मामा. त्यांचं माझ्याशी आजवर एकच बोलणं झालं होतं. उतरायचं ठिकाण आलं की ते म्हणायचे, "चंद्रपूर आलं, बाई."

पासाचा फॉर्म घेऊन मी वडिलांसोबत सुपरवायझरांच्या कचेरीत गेले. सही करायला लोडरही आले होते. सुपरवायझरांनी फॉर्म वाचला, मग आमच्याकडे पाहिलं. त्यांनी वही वाचलेली होती. दाराजवळची सीट कोणाची हे त्यांना ठाऊक होतं.

"गाव सिरोंचा," ते म्हणाले. "मुलीचं गाव राजुऱ्याकडचं. भाषा वेगळी, आडनाव वेगळं. कसे मामा तुम्ही?"

लोडर शांतपणे म्हणाले, "साहेब, मामा-भाचीचं आडनाव एक कधी असते का?"

सुपरवायझरांनी शिक्का उचलला, फॉर्मवर मारला, आणि वडिलांना म्हणाले, "बाकीचे फॉर्म कुठे आहेत? एकदमच आणा."

बाहेर आल्यावर वडिलांनी लोडरांचा हात धरला. लोडर म्हणाले, "सोडा भाऊ. मले सख्खी बहीण नाई. भाची तरी फुकट भेटली."

मला वाटलं होतं की गोष्ट इथं संपेल, कागदावरचं नातं कागदावर राहील. पण ते मामा होऊन बसले. महिन्याच्या महिन्याला कॉलेजात काय शिकवलं ते विचारायचे आणि अर्थशास्त्र सांगू लागलं की झोपी जायचे. निकाल लागला तेव्हा त्यांनी संपूर्ण बसला पेढे वाटले, नर्सबाईंना दोन. माझ्या लग्नात मामाचा आहेर म्हणून लुगडं घेऊन आले आणि माझा सख्खा मामा समोर उभा असताना म्हणाले की पहिला मान माझा, माझ्याकडं शिक्क्याचा कागद आहे. सख्ख्या मामानं हसून वाट दिली.

कंपनीबद्दलही मला कडवट लिहिता येत नाही. वडिलांच्या गुडघ्यावर तिच्याच खर्चानं नागपूरला उपचार झाले. तिसऱ्या खिडकीची काच तिनं बसवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिनं गडचिरोलीकडच्या मालकांच्याही गाड्या घेतल्या, आणि एकदा वडिलांना कचेरीत एक छापील तक्ता दिसला. प्रत्येक विकणाऱ्या मालकाकडून तो भरून घ्यायचा होता. रस्त्यावरची धोक्याची जागा, पुराची जागा, आणि शेवटचा रकाना: विशेष सूचना. सुपरवायझरांनीच तो करून घेतला होता. वडील घरी येऊन आईला म्हणाले की आता सारेच खोडी सांगून राह्यले.

दशक सरता सरता मुंबईच्या एका कंपनीनं ही नागपूरची कंपनी घेतली. आमची हिरवी गाडी नागपूरकरांनी पांढरी केली होती, मुंबईकरांनी निळी केली. दाराचा टवका उडाला होता तिथं तिन्ही रंग एकाखाली एक दिसायचे. आणखी काही वर्षांनी मुंबईची कंपनी परदेशातल्या एका कंपनीत गेली, तोवर वडील निवृत्तीला आले होते. त्यांना इंग्रजीत निरोपाचं पत्र आलं. मी ते वाचून मराठीत सांगितलं, की ते म्हणतात तुम्ही देशोदेशी पसरलेल्या एका कुटुंबाचे सदस्य आहात. वडील बराच वेळ हसले. मग गंभीरपणे म्हणाले, "फॉर्म कोणी भरला पण?"

वडील गेले तेव्हा त्या कुटुंबातून कोणी आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना सुरू असताना दारात एक म्हातारे गृहस्थ दिसले. काठी, पांढरं धोतर, धुळीनं भरलेले पाय. सिरोंच्याहून दोन गाड्या बदलून आले होते. घरातल्या मुलांनी त्यांना ओळखलं नाही, आपण कोण म्हणून विचारलं. ते म्हणाले, पोरीचा मामा. मुलांनी त्यांना पुढे नातेवाइकांत नेऊन बसवलं.

जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या बापानं आरशात पाह्यलं होतं. मी त्याच्या मागच्याच सीटवर होतो, जागा होतो. पार वळण येईस्तोवर पाह्यत होता. म्हणून मी तुले माझ्या नावावर लिव्हलं."

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की त्यांनी ते माझ्यासाठी केलं. ते वडिलांसाठी केलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट वडील मला त्या दिवशी थोडे अधिक भेटले.

ती वही नागपूरला गेली ती परत आली नाही. गाडी भंगारात निघाली. वडील नाहीत. पास माझ्याकडे आहे, त्यावरची शाई फिकट झाली आहे, पण नात्याच्या रकान्यात लिहिलेलं वाचता येतं. मामा सिरोंच्याला आहेत.