उपलब्ध नाही

आमच्या तिठ्यावरचा मेडिकलवाला सगळ्यांशी मालवणीत बोलतो. कात्रीने पट्टी कापता कापता विचारतो, "काय गो बाय, आवशीचो खोकलो कसो आसा?" माझ्या बीपीच्या गोळ्या तर मी पायरी चढायच्या आधीच काढून ठेवायचा. वीस वर्षं मी त्याला भला माणूस समजत होते.

गेल्या महिन्यात मी तिथे असताना एक विशीतली मुलगी आली. गर्भ राहू नये म्हणून संबंधांनंतर तीन दिवसांच्या आत घेतात, ती गोळी तिने हळूच मागितली. त्याची मालवणी एकदम आटली. "उपलब्ध नाही. मिस्टरांना पाठवा." मुलगी मान खाली घालून एसटीच्या थांब्याकडे गेली. पाठोपाठ एका मोटरसायकलवाल्याने तीच गोळी मागितली, तर याने हसत ड्रॉवर उघडला. "घे रे!"

माझं डोकंच फिरलं. "माका पण एक दी," मी म्हटलं. पंचावन्न वर्षांच्या बाईकडे बघत त्याने ड्रॉवर पुन्हा उघडला.

गोळी घेऊन मी एसटीच्या थांब्याकडे धावले. "आत्ताच घे गो," त्या मुलीला म्हटलं. "पाळी लांबली तर माझ्याकडे ये. डॉक्टरकडे मी तुझ्यावांगडा येतंय."

काल दुकानात गेले, तर माझ्या गोळ्या काढून ठेवलेल्या नव्हत्या.

"आपल्याला काय हवंय?" त्याने शुद्ध मराठीत विचारलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी मोठ्याने सांगितलं, "बीपीची दी. आणि ती दुसरी पण दी रे. पोरींका देवक माझ्याकडे तरी उपलब्ध आसाक व्हयी."