मागच्या भिंतीचं माप

११ मार्च १९७३, रविवार. माझी नणंद वत्सलाबाई आणि मी परसात बसून लाल मिरच्यांचे देठ खुडत होतो. तारीख पक्की लक्षात आहे, कारण सोमवारी सकाळी आठ वाजता घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं आणि त्यासाठी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

आधीच सांगते – असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. मी मुलींच्या शाळेत गणित आणि शिवण शिकवते. या सदरातले बरेचसे अनुभव वाचताना, लिहिणाऱ्या बाईला त्या दिवशी ताप असावा असं मला वाटतं. मला ताप नव्हता. खाली जे लिहिते आहे ते टेप लावून, मोजून लिहिते आहे.

गाव धामणगाव बढे. घर साधं, धाब्याचं. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, मागे परस आणि परसाला तिन्ही बाजूंनी मातीचे कूड, बाजूच्या कुडाला बाहेर जायचं एक दार. सासऱ्यांनी बांधलेलं, नंतर यजमानांच्या नावावर आणि ते गेल्यावर माझ्या. वत्सलाबाई म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. माझ्याहून मात्र चार वर्षांनी मोठ्या. सतराव्या वर्षी नवरा वारला आणि त्या माहेरी परत आल्या. तेव्हापासून त्यांनी एक रात्रही दुसऱ्या छपराखाली काढली नव्हती. लग्नाकार्याला गेल्या तरी दिवेलागणीला परत.

माझी बदली बुलढाण्याला झाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. घर विकायचं, तिथे दोन खोल्या घ्यायच्या, वत्सलाबाईंना बरोबर न्यायचं – हे सगळं मी ठरवलं आणि त्यांना सांगितलं. सांगितलं म्हणते आहे, विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मले तिथं कोन वळखते?" आणि पोळ्या लाटायला लागल्या होत्या.

खरं तर दोन वर्षांपूर्वी हे घर विकायचं मनातही आणता आलं नसतं. आमच्याकडे घर विकणं म्हणजे घरात काहीतरी झालं असणार, अशी लोकांची समजूत. घराला भाव असा नव्हताच. मग आफ्रिकावाले आले. तीन चुलतभाऊ, मूळचे गुजराती, दोन पिढ्या तिकडे दुकानदारी केलेले. तिथून निघावं लागलं; पैसा आधीच इकडे पाठवलेला होता. इथे त्यांच्या एका नातेवाइकाचं कापडाचं दुकान, म्हणून आमच्या गावात उतरले. त्यांना घरं हवी होती आणि ते मागाल तो भाव द्यायला तयार होते. अट एकच – घर गोमुखी पाहिजे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: जागा पुढे अरुंद आणि मागे रुंद असेल तर ती गोमुखी, राहायला शुभ. पुढे रुंद आणि मागे अरुंद ती व्याघ्रमुखी. तिथे दुकान चालतं, संसार चालत नाही म्हणतात. गावाला हे पूर्वीही ठाऊक होतं, पण सुनेच्या पत्रिकेइतकं कोणी बघत नसे. आता बघायला लागले. त्या हिवाळ्यात गावातली सगळी घरं गोमुखी झाली. कोणी ओट्याचा हातभर भाग पाडला, कोणी गोठा मोडून मागचं कुंपण सरकवलं. एकाने तर शेजाऱ्याच्या उकिरड्यावर भिंत घातली. भाव चौपट झाले आणि आमच्या पोस्टमनला, नवीन लग्न झालेल्याला, भाड्याने खोली मिळेना. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे आफ्रिकावाला.

या सगळ्यात मोजायला मला बोलवायचे. यजमान मोजणी खात्यात होते. चामड्याच्या डबीतली त्यांची पन्नास फुटी टेप माझ्याकडे होती आणि तिचं दुसरं टोक मी पंधरा वर्षं धरलं होतं. मी मोजेन ते लिहून देत असे. कोणाची गाय, कोणाचा वाघ, मला सोयरसुतक नव्हतं. लोकांचा माझ्या मापावर विश्वास होता, आफ्रिकावाल्यांचाही.

तर रविवारी मिरच्या खुडत असताना सुपडाजी आले. हे कापसाचे दलाल, त्या वर्षी घरांचे झालेले. परसात येऊन मोरीच्या दगडावर टेकले आणि म्हणाले, "बाई, गावभर मोजत फिरता. तुमचं सोताचं काय हाय? गाय का वाघ?"

मी सांगितलं, यजमानांचा नकाशा आहे. पुढे सव्वीस फूट, मागे सव्वीस फूट.

"म्हंजे ना गाय ना वाघ," सुपडाजी म्हणाले. "गाढव हाय म्हना."

वत्सलाबाई हसल्या. मग सुपडाजींनी मला बाजूला घेऊन समजावलं, की उद्या येणाऱ्या धाकट्या आफ्रिकावाल्या शेठची आई फार खट आहे, टेपचं टोक स्वतः धरते. तिकडे त्यांचा बंगला होता, समोरून सभा भरेल एवढा रुंद आणि मागे न्हाणीपुरता. तो सोडून यावं लागलं ते त्या बंगल्याच्या आकारामुळेच, असं म्हातारीच्या डोक्यात बसलं आहे. सरळ चौकोन असेल तर एक वेळ ऐकेल, पण मागे बोटभर जरी कमी भरलं तरी उठून जाईल. "अन् शेठनंतर आता कोनी घेनारं नाही बाई. तिघातले दोघं घेऊन बसले." एवढं बोलून ते गेले.

मी टेप काढली. पुढची भिंत सव्वीस फूट, इंचभरही फरक नाही. परसात गेले. मागच्या भिंतीच्या एका टोकाला खिळा ठोकला, टेपची कडी त्यात अडकवली, ताणली. साडेचोवीस.

पुन्हा मोजलं. साडेचोवीस. वत्सलाबाई तिथेच बसून मिरच्या खुडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

यजमान बाकी कशात चुकले असतील, मापात नाही. पण माणूस आहे, चुकला असेल असं धरलं. दीड फूट कमी म्हणजे सरळसरळ व्याघ्रमुखी. घर गेलं हातचं.

चारच्या सुमारास वत्सलाबाई हंडा घेऊन पाण्याला गेल्या. त्या साली आमचा आड कोरडा पडला होता. गावाबाहेरच्या विहिरीवर जावं लागायचं, जाऊन-येऊन पाऊण तास. मला चैन पडेना. खिळा होताच. टेप लावली... साडेसत्तावीस.

मी चष्मा पुसला. परत लावली. साडेसत्तावीस. पुढे जाऊन पुढची भिंत मोजली, ती सव्वीसच. उन्हाने टेप ताणली म्हणावं तर पुढचा आकडा बदलायला हवा होता. माझी चूक म्हणावी तर दोनदा तीच चूक, तेवढीच, कशी होईल? मग मी शिवणाच्या वर्गात करते तेच केलं. टेपचा भरवसा नसेल तर दोरा घ्यायचा. दुसऱ्या टोकाला खिळा ठोकला आणि दोन्ही खिळ्यांत सुतळी अशी ताणून बांधली की बोटाने छेडली तर वाजावी. आणि मोरीच्या दगडावर बसून राहिले.

ओट्यावर पावलं वाजली. पुढचं दार उघडलं, पावलं माजघरात आली. सुतळीला झोल पडायला लागला. झटका नाही, काही नाही. धुणं वाळत घातल्यावर दोरी हळूहळू खाली येते, तशी. पण तिच्यावर काही वाळत घातलेलं नव्हतं. खिळे जागच्या जागी होते, गाठी घट्ट होत्या. वत्सलाबाई हंडा घेऊन परसाच्या दारात आल्या तेव्हा सुतळी मध्यभागी जमिनीला टेकली होती.

भिंतीकडे मी पाहत होतेच. ती हलताना दिसली का, असं पुढे मला एकीने विचारलं. नाही. भिंत भिंतीसारखी होती.

वत्सलाबाईंनी सुतळीकडे पाहिलं, पाय उचलून ती ओलांडली आणि हंडा उतरवला.

"वहिनी, पाहुणे उद्या किती वाजता येऊन राह्यले?"

"आठ वाजता."

"मंग मी पाण्याले उशिरा जाईन. च्या कोन करन त्यायले?"

मी बरं म्हणाले. सुतळी गुंडाळून ठेवली. संध्याकाळी आम्ही नेहमीसारखं जेवलो, भाकरीचा पहिला तुकडा वत्सलाबाई तव्यावरच मोडून खायच्या तसा त्यांनी खाल्ला. एक प्रश्न माझ्या तोंडाशी दोनदा आला होता. सोपा होता, चार शब्दांचा. तुम्हाला यायचंय का बुलढाण्याला? तो मी विचारला नाही, कारण उत्तर आलं असतं तर त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. जून जवळ होता. नोकरी माझी होती, घर माझ्या नावावर होतं, आणि त्यांना एकटीला तिथे ठेवणं मला शक्य नव्हतं. हे सगळं बरोबर होतं. आजही बरोबर वाटतं.

या गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही. एका ओव्हरसियरला विचारलं. तो म्हणाला, मातीचे कूड उन्हाने हलतात. हलत असतील. पण उन्हाला कोण घरात आहे आणि कोण पाण्याला गेलं आहे, हे कसं कळतं, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही नाही. वत्सलाबाईंशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही, आणि आता त्या नाहीत.

सोमवारी सकाळी पावणेआठला त्या चुलीपुढे बसल्या होत्या. चहाचं आधण ठेवलेलं, चार कप धुऊन उपडे घातलेले. कोपऱ्यावर सुपडाजींचा आवाज ऐकू आला. ते म्हातारीला हात धरून चिखल नसलेल्या रस्त्यावर जपून चालवत होते. मी चुलीवरचं आधण उतरवलं. हंडा उचलून वत्सलाबाईंच्या हातात दिला, आणि त्यावर कळशी ठेवली.

त्यांनी दोन्हींकडे पाहिलं.

"आज दोन?"

"दोन."

"मंग वेळ लागन, वहिनी."

"लागू द्या," मी म्हणाले, आणि परसाच्या दाराने त्या दिसेनाशा झाल्यावर टेप काढली.